भाष्यकाराला वाट विचारताना

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

रेडिओवर कॉमेंटरी हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे क्रिकेटचे मैदान उभे राहते. माझ्या पिढीच्या कानांत तर बाळ पंडितांचा आवाज अजून आहे. आम्ही पाळक मंडळी मात्र ज्या कॉमेंटरीविषयी बोलतो ती वेगळी. बायबलमधल्या एकेका पुस्तकावर, एकेका वचनावर विद्वानांनी लिहिलेले भाष्य म्हणजे आमची कॉमेंटरी. मराठीत तिला टीका असा जुना शब्द आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, असे आपण म्हणतो त्या अर्थाने. पण हल्ली टीका म्हणजे दोष काढणे एवढाच अर्थ उरला आहे. एकदा मंडळीतल्या एका आजोबांनी माझ्या टेबलावरचे पुस्तक पाहून विचारले, "पाळकसाहेब, पवित्र शास्त्रावर टीका? आणि ती तुम्ही वाचता?" त्यांची समजूत घालायला मला अर्धा तास लागला. म्हणून आज आपण भाष्य हाच शब्द वापरू.

रविवारच्या उपदेशाची तयारी करताना ही भाष्ये कशी निवडावीत आणि कशी वापरावीत, याविषयी मला बोलायचे आहे. विषय पाळकांपुरता वाटेल, पण तो तसा नाही. कीर्तनकार असोत, शिक्षक असोत, वकील असोत. जुना शब्द आजच्या माणसाला समजावून सांगण्याचे काम ज्याच्याकडे आहे, त्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. दुसऱ्याने लावलेला अर्थ किती घ्यायचा आणि आपण स्वतः किती वाचायचे? या प्रश्नाचे उत्तर मला एका चुकीतून मिळाले. ती चूक आधी सांगतो.

१९९४ सालची गोष्ट. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीत मी पाळक होतो. वयाने तरुण, आवाज मोठा आणि आत्मविश्वास आवाजाहून मोठा. त्या आठवड्यात एक लग्न आणि दोन अंत्यविधी झाले होते. उपदेशाच्या तयारीला हात लागला तो शनिवारी रात्री, कंदिलाच्या उजेडात, कारण वीज गेलेली. रविवारचा पाठ होता योहानकृत शुभवर्तमानाचा नववा अध्याय.

ज्यांना तो ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्मापासून दृष्टी नसलेला एक माणूस वाटेत दिसतो. शिष्य येशूला विचारतात, हा असा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, स्वतःच्या की आईबापांच्या? येशू सांगतो, याच्याही नाही आणि त्यांच्याही नाही. पुढे देवाची कामे त्या माणसात दिसून येण्याविषयी एक वाक्य येते. मग येशू मातीचा चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावतो, त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो, आणि तो माणूस डोळस होऊन परततो.

माझ्याजवळ तेव्हा एकच भाष्य होते. एका वडीलधाऱ्या पाळकांनी निवृत्त होताना दिलेले, इंग्रजीतले, सगळ्या बायबलवरचे एकच जाडजूड पुस्तक. परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थी गाईड उघडतो तसे मी ते उघडले. त्या अध्यायावर दीड पान होते. त्यातून तीन मुद्दे काढले, प्रत्येकाला एक गोष्ट जोडली आणि झोपलो. मूळ अध्याय मी त्या रात्री धड एकदासुद्धा पूर्ण वाचला नाही, हे आज कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी मी ठणकावून सांगितले, की देवाने या माणसाला मुद्दाम दृष्टीवाचून जन्माला घातले, कारण पुढे एक दिवस त्याला आपला महिमा दाखवायचा होता. देवाच्या योजनेत प्रत्येक दुःख असेच नेमून दिलेले असते. लोकांनी माना डोलावल्या. उपदेश छान झाला, असे मला वाटले.

उपासना संपल्यावर मी नेहमीप्रमाणे दाराशी उभा राहून सलाम घेत होतो. बायकांच्या बाजूने एक बाई आल्या. त्यांनी सलाम केला नाही. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा त्यांचा पदर धरून उभा होता. तो जन्मांध होता. हे मला माहीत होते, आणि तरीही शनिवारी रात्री ते माझ्या मनात आले नव्हते.

त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, एक विचारू? चमत्कार दाखवायचा म्हणून देवानं एका लेकराचे डोळे आधीच काढून घेतले, असं तुम्ही म्हणालात. मग माझ्या पोराचे कशाला घेतले? नऊ वर्षं झाली. चमत्कार तर काही झाला नाही."

मला उत्तर देता आले नाही. पुढचे तीन रविवार त्या आल्या नाहीत.

मी जे बोललो ते माझ्या वाचनातून आले नव्हते आणि माझ्या मंडळीकडे पाहूनही आले नव्हते. ते दीड पानातून आले होते. दोष त्या पुस्तकाचा म्हणावा, तर त्यानेही इतके ठाम काही म्हटले नव्हते. त्यातले एक सावध वाक्य मी उचलले आणि आवाज चढवून त्याचा सिद्धान्त केला. चौथ्या आठवड्यात मी एसटीने पुण्याला गेलो आणि तिथल्या एका सेमिनरीच्या ग्रंथालयात दोन दिवस बसलो.

ग्रंथपालबाईंनी विचारले, "कोणतं भाष्य हवंय?" मी म्हणालो, "योहानावर जे असेल ते द्या." त्या हसल्या आणि मला एका कपाटापाशी घेऊन गेल्या. योहानावरचीच पुस्तके दोन फळ्या भरून होती. एका शुभवर्तमानावर एवढे लिहिले गेले आहे याचा तोवर मला पत्ता नव्हता. त्या दोन दिवसांत मी जे शिकलो, त्यात पुढच्या तीस वर्षांत थोडीच भर पडली.

पहिली गोष्ट, सगळी भाष्ये एका जातीची नसतात. ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील. पहिला प्रकार भक्तिपर. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिणारे मॅथ्यू हेन्री किंवा विसाव्या शतकातले ग्लासगोचे विल्यम बार्कली यांची पुस्तके या प्रकारातली. ती वाचकाच्या मनाशी बोलतात. दुसरा प्रकार मधला. हे भाष्यकार मूळ भाषा, इतिहास, संदर्भ सगळे तपासतात, पण ग्रीक न जाणणाऱ्यालाही समजेल असे लिहितात. टिंडेल मालिकेतली छोटी पुस्तके किंवा डी. ए. कार्सन यांचे योहानावरचे १९९१ चे भाष्य या प्रकारात बसेल. तिसरा प्रकार निखळ विद्वत्तेचा. सी. के. बॅरेट यांचे भाष्य ग्रीक मजकुराला धरूनच चालते. १८९५ पासून निघत असलेली इंटरनॅशनल क्रिटिकल कॉमेंटरी ही मालिकाही तशीच. तिथे एकेका शब्दावर परिच्छेदच्या परिच्छेद असतात.

नवखा पाळक पहिल्या प्रकारावर थांबतो, कारण तिथे उपदेश जवळजवळ तयारच मिळतो. हुशार पाळक तिसऱ्या प्रकाराच्या मागे लागतो, कारण त्याने रुबाब वाढतो. माझ्या अनुभवात आठवड्याचे खरे काम मधला प्रकार करतो. तिसरा प्रकार अडलेल्या वचनापुरता उघडावा आणि पहिला सगळ्यांत शेवटी, आपला उपदेश कोरडा झालेला नाही ना, हे पाहण्यासाठी.

दुसरी गोष्ट, पुस्तकाचे साल पाहावे. योहानाच्या नवव्या अध्यायातच याचा दाखला आहे. चौथ्या वचनात, दिवस आहे तोवर काम केले पाहिजे, असे येशू म्हणतो. पण हे काम करायचे कोणी? जुन्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात ते 'मला' केले पाहिजे असे आहे. जुन्यातल्या जुन्या हस्तलिखितांत मात्र 'आपल्याला' असे आहे. योहानाची दोन महत्त्वाची पपायरस हस्तलिखिते अनुक्रमे १९५६ आणि १९६१ साली प्रसिद्ध झाली. त्यांतले पहिले सामान्यतः इसवी सन २०० च्या सुमाराचे मानतात. दोन्हींत 'आपल्याला' आहे. मॅथ्यू हेन्रींना हे कळण्याचा मार्गच नव्हता. हॉस्किन्स यांचे १९४० चे भाष्य फार खोल आहे, पण त्यांनाही ही हस्तलिखिते दिसली नव्हती. रेमंड ब्राऊन यांच्या भाष्याचा पहिला खंड १९६६ चा. त्यांच्या हाताशी ती होती.

आणि ब्राऊन यांच्याही हाताशी सगळे नव्हते. शिलोहाचे तळे म्हणून जे यात्रेकरूंना दाखवले जाई, ते फार नंतरच्या, बायझंटाईन काळातले होते. २००४ साली जेरुसलेममध्ये सांडपाण्याच्या नळाचे काम चालू असताना येशूच्या काळातल्या मोठ्या तळ्याच्या दगडी पायऱ्या सापडल्या. म्हणजे १९६६ चे उत्तम भाष्यही या बाबतीत अपुरे ठरले. जुने ते वाईट असे मी म्हणत नाही. मॅथ्यू हेन्री मी आजही वाचतो. पण कोणत्या प्रश्नासाठी कोणाकडे जायचे, हे कळले पाहिजे. घरातल्या आजीला औषधाचा डोस विचारू नये आणि डॉक्टरला मायेची अपेक्षा ठेवून छळू नये.

हे आज जास्त सांगावेसे वाटते, कारण मोबाइलवर भाष्ये फुकट मिळतात. त्यांतली बरीचशी फुकट मिळतात ती हक्कांची मुदत संपली म्हणून, म्हणजेच ती जुनी आहेत म्हणून. तरुण पाळक मला मोठ्या अभिमानाने सांगतात, की आमच्या फोनमध्ये चाळीस भाष्ये आहेत. चाळीस असतील, पण त्यांतली पस्तीस शंभर वर्षांपूर्वीची असतील तर आपण एकाच पिढीशी बोलत आहोत. आणि आता तर फोनला विचारले की तो अख्खा उपदेशच लिहून देतो. माझ्या दीड पानाचाच तो नवा अवतार आहे. दाराशी सलाम घ्यायला मात्र त्या फोनला उभे राहावे लागत नाही.

तिसरी गोष्ट, एकाच घराण्याची दोन भाष्ये घेऊ नयेत. ब्राऊन हे रोमन कॅथलिक धर्मगुरू, बॅरेट मेथडिस्ट, कार्सन इव्हँजेलिकल. आपल्या पंथाचे भाष्य आपल्याला आवडते, कारण ते आपल्या मनातले बोलते. पण मनातलेच ऐकायचे तर पुस्तक कशाला विकत घ्यायचे? ज्या ठिकाणी वेगळ्या वाटांनी आलेले तीन भाष्यकार एक गोष्ट मान्य करतात, तिथे पाय निर्धास्त टाकावा. जिथे ते भांडतात, तिथे उपदेशकाने आवाज खाली आणावा. माझी चूक नेमकी याच ठिकाणी झाली होती. जिथे विद्वान चाचपडत होते, तिथे मी ठणकावले होते.

चौथी गोष्ट पैशांची. पाळकाच्या पगारात भारी मालिकेचा पूर्ण संच बसत नाही आणि घेऊही नये. मालिकेत प्रत्येक पुस्तकाला वेगळा लेखक असतो. एक खंड उत्तम असतो, दुसरा उगीच. म्हणून मालिका न पाहता खंड पाहावा. विकत घेण्यापूर्वी एक साधी परीक्षा घ्यावी. आपल्याला छळणारे एखादे कठीण वचन घ्यावे आणि भाष्यात ते पान उघडावे. भाष्यकार अडचण कबूल करतो का, दुसऱ्यांची मते प्रामाणिकपणे मांडतो का आणि मग स्वतःचे मत कारणासह सांगतो का, ते पाहावे. सोप्या वचनावर तीन पाने आणि कठीण वचनावर तीन ओळी असतील, तर पुस्तक परत फळीवर ठेवावे. इंग्लंडचे प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन यांनी १८७६ साली हजाराहून अधिक भाष्यांची यादी शेऱ्यांसह छापली, तीही खिसा हलका असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांचे पैसे वाया जाऊ नयेत या कळकळीने.

मराठीत अभ्यासपूर्ण भाष्ये अजून थोडी आहेत. इंग्रजी सगळ्यांना झेपते असेही नाही. आम्ही यावर एक उपाय केला होता. आसपासचे चार पाळक मंगळवारी एकत्र बसायचो. वर्गणी काढून एक चांगला खंड घ्यायचो. ज्याचे इंग्रजी बरे तो वाचून मराठीत सांगायचा आणि बाकीचे हुज्जत घालायचे. त्या हुज्जतीतून जे टिकायचे ते रविवारी मंडळीपुढे जायचे. २०१५ मध्ये दक्षिण आशियातल्या अभ्यासकांनी लिहिलेले साउथ एशिया बायबल कॉमेंटरी हे एकखंडी भाष्य निघाले. आपल्याकडची जात, कुटुंब, दारिद्र्य डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असे पुस्तक आमच्या वेळी असते तर आमची बरीच हुज्जत वाचली असती.

आता वापराविषयी. माझी रीत अशी. सोमवारी पाठ तीनदा मोठ्याने वाचायचा, मराठीत. शक्य तर दोन भाषांतरांत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. ते आणि प्रचलित भाषांतर शेजारी ठेवले, की जिथे दोघांचे शब्द वेगळे पडतात तिथे काहीतरी दडलेले आहे हे कळते. मग वहीत आपले प्रश्न लिहायचे, उत्तरे नव्हेत. त्यानंतर मंडळीतले चार चेहरे आठवायचे. हा पाठ ऐकताना त्यांना काय वाटेल? ही पायरी मी १९९४ पर्यंत कधी केली नव्हती. बुधवारी किंवा गुरुवारी भाष्य उघडायचे, तेही हातात प्रश्न घेऊन. शुक्रवारी ते मिटायचे. शनिवारी त्याला हात लावायचा नाही. शनिवारी उघडलेले भाष्य पाळकाला शिकवत नाही, त्याला फक्त वाचवते.

भाष्याचा सगळ्यांत मोठा उपयोग कोणता, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, आपल्या लाडक्या गोष्टी खोट्या ठरवणे. सुईच्या नाकातून उंट जाण्याचा दृष्टान्त तुम्ही ऐकला असेल. जेरुसलेमला 'सुईचे नाक' नावाचा एक लहान दरवाजा होता आणि उंट गुडघे टेकून, ओझे उतरवून त्यातून जाई, ही गोष्ट मी अनेकदा सांगितली होती. लोकांना ती आवडायची. मंडळीतल्या सधन गृहस्थांना विशेष आवडायची, कारण थोडे वाकले की काम होते असा तिचा अर्थ. येशूच्या काळात असा दरवाजा होता याला काहीही पुरावा नाही, हे मला भाष्यांनी दाखवले. येशूला अशक्य म्हणायचे होते ते आम्ही अवघड करून ठेवले होते. ती गोष्ट सोडताना मला खरोखर दुःख झाले, इतकी ती सोयीची होती.

आता पुन्हा त्या नवव्या अध्यायाकडे. ग्रंथालयात मी सगळ्यांत आधी तिसरे वचन उघडले. शिष्यांच्या प्रश्नामागे काय होते, ते कळले. आईबापांच्या पापाचे फळ मुलांना मिळते ही समजूत तर होतीच. पण मूल गर्भातही पाप करू शकते असेही काही ज्यू गुरू मानत. आपल्याकडे पूर्वजन्मीचे संचित म्हणतात, त्याची आठवण व्हावी असाच तो प्रश्न. येशूने ती दोन्ही दारे बंद केली. आणि मी माझ्या उपदेशात तिसरे दार उघडून त्याच खोलीत शिरलो होतो. पापाऐवजी देवाच्या योजनेवर खापर फोडले, एवढाच फरक.

पुढे आणखी एक गोष्ट दिसली. इंग्रजीतली काही भाषांतरे, 'हे अशासाठी घडले' असे शब्द घालून ते वाक्य पूर्ण करतात. मूळ ग्रीकमध्ये ते शब्द नाहीत. वाक्य तिथे तुटक आहे. शिवाय जुन्या हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हे नाहीत. म्हणून काही अभ्यासक सुचवतात, की पूर्णविराम आधी द्यावा. मग अर्थ असा निघतो: पाप याचेही नाही आणि आईबापांचेही नाही. पण याच्यात देवाची कामे दिसावीत म्हणून दिवस आहे तोवर आपल्याला काम केले पाहिजे. बहुतेक भाषांतरांनी ही मांडणी स्वीकारलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. बरेच भाष्यकार जुन्याच मांडणीला चिकटून आहेत आणि त्यांनाही कारणे आहेत. पण विरामचिन्ह कुठेही द्या, ते 'आपल्याला' जागचे हलत नाही. कोणाच्या पापामुळे, असे शिष्य मागे वळून विचारत होते. येशूने त्यांचे तोंड पुढे वळवले आणि त्यांनाही कामाला जुंपले.

दोन दिवसांनी घरी परतताना एसटीत मी तो अध्याय पुन्हा वाचला. तेव्हा एक गोष्ट अशी दिसली, जी कळायला मला भाष्याची गरज पडली नाही. डोळस झालेल्या माणसाच्या आईबापांना चौकशीला बोलावतात तेव्हा ते म्हणतात, त्यालाच विचारा, तो मोठा आहे. ते घाबरलेले असतात, कारण येशूला मानणाऱ्याला सभास्थानातून बाहेर काढायचे असे ठरलेले असते. या बहिष्कारावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. जे. लुईस मार्टिन यांनी १९६८ साली असे मांडले, की योहानाने इथे आपल्या काळातल्या मंडळीचा अनुभव ओतला आहे. त्यावर अजून वाद चालू आहेत. ते वाद वाचल्याने मला एक सावधपणा आला. योहानातल्या 'यहूदी' या शब्दाखाली एका सबंध समाजाला झोडपायचे नाही, हा धडा मी तिथून घेतला. पण वाळीत पडण्याची भीती म्हणजे काय, हे मराठी माणसाला पानेच्या पाने वाचून कळून घ्यावे लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' ज्याने वाचले, त्याला ते ठाऊक आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला. जिथे आपले जगणे भाष्यकाराहून जास्त जाणते, तिथे आपण बोलावे. भाष्यात नाही म्हणून गप्प बसू नये.

पाचव्या आठवड्यात मी त्या बाईंच्या घरी गेलो. म्हणालो, "ताई, मी चुकीचं बोललो. पुढच्या रविवारी तोच पाठ पुन्हा घेणार आहे. जमलं तर या." त्या काही बोलल्या नाहीत. चहा मात्र दिला.

त्या रविवारी मी बारा मिनिटे बोललो. ग्रीकचा एक शब्द उच्चारला नाही, कोणा विद्वानाचे नाव घेतले नाही. जेवायला बसलेल्याला पाटा-वरवंटा दाखवू नये. वाटण चांगले झाले असेल तर ते घासात कळते. माझ्या मागच्या उपदेशातले वाक्य मी मंडळीसमोर मागे घेतले. पाळकाने असे करावे का, यावर नंतर पंचांमध्ये थोडी कुजबुज झाली. मग म्हणालो, की या मुलाचे डोळे असे का, याचे उत्तर माझ्याकडे नाही आणि येशूनेही ते 'का' उगाळले नाही. तो म्हणाला, दिवस आहे तोवर आपल्याला काम आहे. आता आपण सांगू या, या गावात या मुलासाठी आपले काम कोणते?

त्या बाई आल्या होत्या. मागे, दाराजवळ बसल्या होत्या. चमत्कार त्या दिवशीही झाला नाही. पण उपासनेनंतर मंडळीतले एक निवृत्त मास्तर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अंधशाळेचे अर्ज कधी निघतात, ते मी बघतो." जूनमध्ये मास्तर आणि आणखी एक जण मुलाला घेऊन पुण्याला गेले. बसभाडे आणि कपडे मंडळीने केले. पहिल्या दिवाळीला तो घरी आला, तेव्हा ब्रेलचा एक जाड कागद घेऊन आला आणि बोटे फिरवत त्याने आपले नाव आम्हाला वाचून दाखवले. त्याची आई शेजारी उभी होती. तिने मला त्या दिवशी सलाम केला.

एका विरामचिन्हाच्या चर्चेतून हे सगळे झाले, असे मी म्हणणार नाही. मास्तर भले होते, ते एरवीही उठले असते कदाचित. पण आधीच्या उपदेशाने कोणालाच उठायचे कारण दिले नव्हते, एवढे खरे.

श्रोतेहो, ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेव सांगतात, की आपण व्यासांच्या मागाने, भाष्यकारांना वाट पुसत इथवर आलो. मला ती भूमिका फार आवडते. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी एवढ्या मोठ्या प्रज्ञेच्या माणसाला वाट विचारण्यात कमीपणा वाटला नाही. तो आपल्याला का वाटावा? पण वाट विचारणारा माणूस विचारून झाल्यावर स्वतःच्या पायांनी चालतो. ज्याला विचारले त्याच्या ओट्यावर तो बसून राहत नाही.

माझ्या टेबलावर आजही पाच-सहा भाष्ये असतात. त्यांच्या शेजारी एक जुनी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर मी त्या बाईंचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवला आहे. कोणतेही भाष्य उघडण्याआधी मी ते पान एकदा वाचतो.